उत्तरांची पानं

डोंबिवलीत आमच्या वाचनालयात फौजदाराच्या परीक्षेचं गाइड एकच होतं आणि त्यातली उत्तरांची पानं कुणीतरी फाडून नेलेली. ‘पाचांपैकी एकच खरं बोलतो, तर चोर कोण?’ यावर आम्ही उमेदवार तासन्‌तास भांडायचो. कोपऱ्यातला एकजण मात्र कधी भांडला नाही. कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळाला आठी. प्रश्न वाचला की तो व्हरांड्यातल्या माठावर पाणी प्यायला जायचा आणि उत्तर घेऊनच परत यायचा. पडताळून बघावं तर बरोबर! पाण्याने डोकं चालत असेल म्हणून आम्हीही पिऊन पाहिलं. नुसत्या मुतारीच्या फेऱ्या वाढल्या.

एकदा मी त्याच्या मागोमाग गेलो, तर माठाआड हा खिशातली तीच पानं उलगडून बघतोय! ओशाळला असेल, तर शपथ.

“चोर शोधायच्या परीक्षेला बसतोयस ना?” तो म्हणाला. “मग चार महिने काय करत होतास रे?”

तो पास झाला, मी नापास.

पुढे माझी सायकल चोरीला गेली, म्हणून चौकीत गेलो. खुर्चीत हाच, खांद्यावर दोन स्टार. ओळख काही दाखवली नाही.

“संशय कुणावर?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, “साहेब, आधी पाणी पिऊन या.”