सटवा चालला ती शीव

"सर, या पुस्तकाप्रमाणे मी जन्मलोच नाही," मिलिंद हिवाळे म्हणाले आणि त्यांनी पुस्तक माझ्यापुढं उघडून ठेवलं.

एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. 'खोटी शीव चालल्याच्या पापाने सटवाचा निर्वंश झाला.' सटवा म्हणजे मिलिंदरावांचे पणजोबा. पणतू जालन्याला बँकेत ऑफिसर आहे, माझ्या घरी बसून चहा पितोय, आणि पुस्तक म्हणतंय की वंश बुडाला. मी आधी हसलो. मिलिंदराव हसले नाहीत, तेव्हा चष्मा लावला.

मी भूमी अभिलेख खात्यातला निवृत्त मोजणीदार. उभी नोकरी लोकांच्या बांधांवर काढली. आमच्याकडचे निजामाच्या काळातले कागद उर्दूत असतात, म्हणून एका जुन्या कारकुनाच्या मागं लागून उर्दू वाचायला शिकलो. निवृत्तीनंतर हा माणूस आता घरी बसेल असं बायकोला वाटलं होतं. पण मला उर्दू वाचता येतं ही बातमी फुटली, आणि आपले पूर्वज कोण, कुठले, हे शोधणारी मंडळी घरी यायला लागली.

त्यातले निम्मे लोक हातात गावचा इतिहास घेऊन येतात. असली पुस्तकं सध्या गावोगाव निघतात. गुळगुळीत कव्हर, आत देणगीदारांचे फोटो, आणि मग एकदम यादवांपासून सुरुवात. मी चेष्टा करतो, पण मला ही पुस्तकं मनापासून आवडतात. गावातला एखादा माणूस पदरमोड करून लिहितो, नाहीतर कोण लिहिणार? फक्त त्यात ऐकलेलं आणि पाहिलेलं एकाच सुरात सांगितलेलं असतं. कुठलं कुठलं, ते वाचणाऱ्यानं ओळखायचं.

हे पुस्तक भोकरदन तालुक्यातल्या एका गावाचं होतं. नाव लिहीत नाही, त्या गावात मला अजून जायचं असतं. त्यातली हकिकत अशी. निजामाच्या राज्यात या गावाचा आणि शेजारच्या गावाचा शिवेवरून वाद झाला. शीव म्हणजे दोन गावांमधली हद्द. ती दाखवायचा मान आणि जबाबदारी तेव्हा महार वतनदाराची असे. तो डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन, शपथ घेऊन चालायचा. तो चालेल ती शीव, मग पाटील असो की अंमलदार, सगळ्यांनी मानायची. सटवा चालला आणि गावाची नाल्याकाठची काळी जमीन शेजारच्या गावात गेली. पुस्तक म्हणतं, त्यानं शेजाऱ्यांकडून लाच खाल्ली होती. खोटी शीव चालणाऱ्याचा वंश बुडतो अशी समजूत, म्हणून पुढचं ते निर्वंशाचं वाक्य.

मी म्हणालो, "पुस्तकात काय, काहीही छापतात. मनावर घेऊ नका."

"पुस्तकात राहिलं असतं तर आलो नसतो," मिलिंदराव म्हणाले. ग्रामपंचायतीची नवी इमारत होत होती. दाराशी संगमरवरी पाटी बसणार होती आणि तिच्यावर याच पुस्तकातला मजकूर कोरायचा होता. मजकूर अजून कारागिराकडं गेला नव्हता. दगडात कोरलं की माझी नातवंडंही हेच वाचणार, असं त्यांचं म्हणणं.

पुस्तकाचे लेखक साबळे गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक, गावातल्या जुन्या शेतकरी घराण्यातले. मी फोन केला. वाटलं होतं फटकारतील, पण त्यांनी घरी जेवायलाच बोलावलं. जेवण झाल्यावर शांतपणे सांगितलं, "मी मनानं न्हाई लिहिलं. कागद बघून लिहिलं." आणि वतनाच्या नोंदीची नक्कल पुढं केली. सटवाच्या नावापुढं स्पष्ट लिहिलेलं होतं: लावल्द. म्हणजे मूलबाळ नसलेला.

आता आली का पंचाईत. माझं काम पुस्तक कागदाशी ताडून पाहण्याचं. इथं पुस्तक आणि कागद एकमेकांशी बराबर जुळत होते. जुळत नव्हता तो समोरचा जिवंत माणूस.

अशा नोंदी कशा होत, ते मला ठाऊक होतं. माणूस गाव सोडून गेला की त्याच्या वतनातल्या वाट्याचं काय करायचं हा प्रश्न यायचा. मागं राहिलेले सांगतील ते लिहिलं जायचं. गेला, परत येणार नाही, मूलबाळ नाही. सगळ्यांच्याच सोयीचं. तेव्हा गेलेला माणूस जिथं गेला, तिथलं बघावं लागतं. हिवाळ्यांचं घर आता हसनाबादला आहे. मी हसनाबादचे त्या काळातले कागद मागवले. त्यात सटवा सापडला, मूळ गावाच्या नावासकट, आणि खाली दोन मुलगे. धाकटा तो मिलिंदरावांचा आजा.

निर्वंशाचा निकाल लागला. मी खूश झालो आणि हे सांगायला मिलिंदरावांबरोबर हसनाबादला त्यांच्या आत्याकडं गेलो. गयाबाई. सटवाची नात. ऐंशीच्या पुढच्या, पण आवाज खणखणीत. मी कागद वाचून दाखवला. त्यांनी पुरता ऐकूनही घेतला नाही.

"वंश हाय का न्हाई ते मला काय सांगता, भाऊ? ही पोरं काय आभाळातून पडली का? मला आज्याचं सांगा. खरं चालला का खोटं चालला?"

माझ्या कागदात ते नव्हतं. मग त्या हळूहळू बोलल्या. त्यांच्या वडलांनी त्या गावाचं नाव आयुष्यात कधी तोंडातून काढलं नाही. तिकडच्या लग्नाचं आवतण आलं तरी कुणाला जाऊ दिलं नाही. कारण विचारलं की उठून जायचे. 

"मंग मी मनाशी धरून बसले, आज्यानंच काहीतरी केलं असंल. त्याच्यापायी आम्ही परक्या गावात आलो, त्याच्यापायी बाप खाली मान घालून जगला. जलमभर त्याचा राग केला म्या. आन् तो खरा असंल तर?"

मला वाटलं होतं काम संपलं. ते खरं आता सुरू झालं होतं.

आमच्या धंद्यातली एक साधी गोष्ट इथं कामाला आली. बांधाला दोन धनी असतात आणि शिवेला दोन गावं. वाद दोघांचा, तर कागदही दोघांचे. पण गावचा इतिहास लिहिणारा आपल्याच गावाचं दफ्तर काढतो. शेजारच्या गावाचं कोण मागणार? मी मागितलं. दोन्ही गावांचे कापडात बांधलेले बस्ते एकाच रेकॉर्ड रूममध्ये होते, मधे दोन रॅक. शेजारच्या गावाच्या बस्त्यात त्या दिवसाचा पंचनामा निघाला.

त्यात लिहिलं होतं की सटवा नाल्याच्या अलीकडून, म्हणजे स्वतःच्या गावाच्या बाजूनं चालला. वाटेत तीन ठिकाणी थांबला आणि म्हणाला, इथं खोदा. खोदलं तर कोळसा आणि फुटकी खापरं निघाली.

हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. शिवेचा दगड पुरताना त्याच्या खाली कोळसा आणि खापरं घालायची जुन्या लोकांची रीत होती. दगड कुणीही उचलून दुसरीकडं नेऊ शकतो. खालचा कोळसा कोण उचलणार? तो कुजत नाही आणि त्याला वाळवीही लागत नाही. म्हणजे सटवा नुसता चालला नव्हता, जुनी खूण दाखवत चालला होता. आणि ती खूण त्याच्या स्वतःच्या गावाच्या विरोधात जात होती.

मी तो कागद घेऊन गुरुजींकडं गेलो. त्यांनी मराठी तर्जुमा दोनदा वाचला.

"कागद त्यांचा, जमीन त्यांना मिळाली. ते तर त्याला खराच म्हणणार."

मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. ज्याचा फायदा त्याचा कागद, हा आक्षेप अगदी रास्त होता. मी म्हणालो, गुरुजी, मग जमिनीलाच विचारू.

पुढच्या रविवारी आम्ही शिवेवर गेलो. मी, मिलिंदराव, गुरुजी, ज्यांची शेतं होती ते शेतकरी, आणि दोन्ही गावांतली रिकामी मंडळी, जी कुठंही खड्डा दिसला की जमतात. पंचनाम्यात तीन जागांची अंतरं दिली होती. पहिली जागा रस्त्याखाली गेलेली. दुसऱ्या जागी विहीर झालेली, सगळी माती उलटीपालटी. तिसरी एका हिवराच्या झाडाजवळ. मी टेप धरून जागा दाखवली आणि कुदळ चालली. कमरेएवढं खोल गेल्यावर काळा चुरा लागला. मी हातानं माती बाजूला केली. कोळसा, आणि त्याच्यात खापराचे तुकडे. मिलिंदराव खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले.

लोक हलायला लागले. पण गुरुजी हलले नाहीत.

"मी पुस्तकात लिहिलंय, खरी शीव म्हसोबापाशी. एवढं खांदलंच हाय तर तिथंबी बघू."

हे मी सुचवणार नव्हतो. नाल्याच्या पलीकडं शेंदूर लावलेला एक दगड आहे. तोच मूळ शिवेचा दगड असं गावात मानतात. काही जण म्हणाले, देवाला हात लावायचा नाही. गुरुजी म्हणाले, हात लावत नाही, बाजूनं खांदतो. त्यांनी चप्पल काढली, दगडाला हात जोडले आणि कुदळ स्वतः घेतली. वय सत्तरच्या पुढं. धाप लागली तरी कुणाला देईनात. बाजूनं तिरपं खोदत ते दगडाच्या खाली पोचले. हातभर माती आणि मग मुरूम. कोळसा नाही, खापर नाही. एकदा खड्डा खणला की मुरूम पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही, त्यात माती मिसळते, रंग बदलतो. इथला मुरूम घट्ट आणि एकसारखा पिवळा होता. त्या जागी कधीच काही पुरलेलं नव्हतं. दगड मागून कुणीतरी आणून उभा केला होता.

गुरुजींनी कुदळ खाली ठेवली आणि बांधावर बसले. मला म्हणाले, "माझ्या आज्यानं हा दगड दाखवून सांगितल्तं. मी लहान होतो. आज्यावर कोण शंका घेतंय?"

मला त्यांच्याविषयी माया वाटली. ते आपल्या आज्यावर विश्वास ठेवून चुकले होते, आणि हसनाबादची ती बाई आज्यावर अविश्वास ठेवून. सटवानं लाच घेतली नाही, याचा कागद माझ्याकडं नव्हता. न घेतलेल्या लाचेचा कागद कुणाकडंच नसतो. मी एवढंच लिहून दिलं की तो जुन्या खुणेवरून चालला, आणि दुसरीकडं खूण नाही.

गयाबाईंना हे सांगायला गुरुजी स्वतः आले. मी नको म्हणत होतो, कारण बाई तिखट. पण ते ऐकेनात. हसनाबादला खाटेवर बसून त्यांनी सगळं क्रमानं सांगितलं, वर्गात धडा समजावून द्यावा तसं. म्हसोबाचंही लपवलं नाही. गयाबाईंनी ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मंग आता शीव कुठं हाय?"

"म्हंजी?" गुरुजी म्हणाले.

"आजच्याला. दोन गावांची शीव कुठून जाती?"

उत्तर मी दिलं, कारण ते माझं काम. शीव सटवा चालला तिथूनच जाते. पुढच्या मोजणीत तीच कायम झाली, नकाशात तीच आहे, सातबारे तिच्यावरच आहेत. नोकरीत असताना त्या रेषेवर मी स्वतः मोजणी केली होती. त्यात साबळ्यांचंही शेत होतं.

"मंग खोटी काहून म्हनता?" त्या गुरुजींकडं बघून म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "खोटी होती तर मोडायची होती. तुमच्या आज्यानं न्हाई मोडली, बापानं न्हाई मोडली. तिच्यावर पेरून खाऊन राह्यले तुम्ही. शीव त्याची ठेवली आन् त्यालाच तेवढं हाकलून देलं."

मी इतके कागद वाचले, खड्डे खणले, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गुरुजींच्या तर नाहीच. ते खाटेवरून उठले, हात जोडले. मग म्हणाले, "चुकलं, आत्याबाई. आमचं सगळ्यांचंच चुकलं."

सरपंचांनी सोपा मार्ग काढला होता, ते वाक्यच गाळून टाका. मिलिंदराव म्हणाले, गाळलं तर पुस्तकातलं तसंच उरेल. गुरुजी त्यांच्या बाजूनं उभे राहिले. उरलेल्या प्रतींत त्यांनी दुरुस्तीचं पान चिकटवलं आणि पाटीचा मजकूर नव्यानं लिहिला.

पाटी बसली त्या दिवशी गयाबाई आल्या. जन्मात पहिल्यांदा त्या गावात. त्यांना वाचता येत नाही. भाषणं चालू असताना उठल्या, पाटीजवळ गेल्या आणि गुरुजींना म्हणाल्या, वाचा. गुरुजींनी सगळ्यांसमोर वाचलं. 'गावाची शीव सटवाजी हिवाळे यांनी खरी चालून दाखवली. आजही तीच शीव कायम आहे. त्यांचा वंश हसनाबादला नांदतो.' त्या म्हणाल्या, पुन्हा वाचा, सावकाश. गुरुजींनी पुन्हा वाचलं. मग त्यांनी पाटीवर हात ठेवला आणि दगडाशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आज्या, माझं चुकलं."

मी मिलिंदरावांकडं पाहिलं नाही. त्यांनीही माझ्याकडं पाहिलं नाही.

तेव्हापासून कुणी पूर्वज शोधायला आलं आणि गावच्या इतिहासाचं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं की मी ते आदरानं घेतो, चाळतो, आणि विचारतो, "तुमच्या गावानं लिहिलेलं कळलं. शेजारच्या गावात काय लिहिलंय, ते बघितलंत का?"