बिनवशिंडाचा गोऱ्हा

सरकारी नोकरीत माझ्या हातून बरीच बरी कामं झाली असतील. ढोरांना लसी टोचल्या, अडलेल्या गायी सोडवल्या, कोपरापर्यंत हात घालून उलटी वासरं फिरवली. ती सगळी आता एकात एक मिसळली आहेत. आठवतो तो एकच सांड. तो मी एका सकाळी दहा मिनिटांत चिमट्यानं खच्ची केला.

तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, नुसता तालुका होता. आमचं गाव शिरपूरपासून दोन कोसांवर. बौद्धवाड्यातला पहिला पगारी माणूस मी. मॅट्रिक झालो, वर्षभराचं ट्रेनिंग केलं आणि शिरपूरच्या गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन म्हणून लागलो. साहेब कधीमधी उगवायचे, त्यामुळे आजूबाजूच्या सात गावांत ‘ढोरायचा डाक्टर’ म्हणजे मीच. खाकी पँट, सायकल, हँडलला चामड्याची पिशवी. मी वळणाआड जाईपर्यंत माय दारात उभी राहायची. एवढा रुबाब मला नंतर उभ्या जन्मात जमला नाही.

बापाकडे थोडं वावर होतं आणि एकच बैल. एका बैलानं वखर चालत नाही, म्हणून आमच्याकडे सावड असते: दोघांनी आपापला एकेक बैल आणायचा, जोडी करायची आणि दोघांची वावरं पाळीपाळीनं वाहायची. बापाची सावड शेजारच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, एका कुणबी शेतकऱ्याशी होती. मी त्यांना काकाजी म्हणायचो. त्यांचा आणि आमचा बैल वर्षानुवर्षं एका जुवाखाली चालले. पाण्याची मडकी मात्र बांधावर दोन असायची, हेही सांगितलं पाहिजे. सावडीचा नियम एकच होता. ज्याचा बैल गेला, त्याची सावड मोडली.

काकाजींचा एकुलता एक मुलगा माझ्या वर्गात होता. आम्ही एका पाटीवर गणितं केली, एकाच चिंचेवरून पडलो. सातवीनंतर त्यानं शाळा सोडून वखर धरला आणि लग्नाचं वय होण्याआधीच वावरात साप चावून गेला. त्याच्या तेरवीला काकाजींनी घरच्या गायीचा गोऱ्हा त्याच्या नावानं सोडला. मांडीवर तापल्या लोखंडाचा डाग दिला, कपाळाला कुंकू लावलं आणि दावं कापून टाकलं. असा सोडलेला सांड गावाचा होतो. त्याला कुणी मारत नाही, वावरातून हाकलत नाही आणि त्याच्या मानेवर जू कधीच ठेवत नाही. जू ठेवलं, तर मेलेल्याला दिलेलं परत घेतलं असं होतं.

मला तेव्हा हे सगळं थोतांड वाटायचं. आत्मा नाही, तर नावानं सोडायचं कुणाच्या? पण गोऱ्ह्याचा सांड झाला आणि असा झाला, की पाहत राहावं. पांढरंशुभ्र अंग, काळं शेपूट, आणि वशिंड एवढं, की चालताना एका बाजूला कलायचं. गावच्या गायी त्याच्याकडूनच गाभण राहायच्या. घरातून बाहेर निघालं, की काकाजी हातात भाकरीचा तुकडा धरायचे. सांड कुठूनही यायचा.

मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी हुकूम आला. गावठी सांड ठेवायचे नाहीत, सगळे खच्ची करायचे. गायींना विलायती वळूचं रेत, म्हणजे वीर्य, टोचायचं, संकरित वासरं होतील, दुधाचे कॅन भरतील. दवाखान्याच्या भिंतीवर चित्र लागलं. त्यात एक तपकिरी गाय हिरव्यागार गवतात उभी होती. आमच्या माळावर असं गवत पोळ्याच्या आसपास महिनाभर दिसतं, नंतर दगडच दिसतात. पण हे मला आज सुचतं. तेव्हा मी नुसता नोकर नव्हतो, मी त्या चित्राचा भक्त होतो. देव सोडले होते, भक्ती तीच राहिली होती.

महिन्याचा कोटा ठरलेला होता आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. सहा गावांचे सांड मी उरकले. आमच्याच गावचा राहिला. साहेब म्हणाले, “घरचा सांड राखून ठेवलाय काय?” ते मला झोंबलं.

सकाळी आखरावर, म्हणजे गावाबाहेर ढोरं गोळा होतात त्या जागी, चार माणसं दोर घेऊन उभी केली. सांडानं दोनदा दोर तोडला, एकाला काटेरी कुंपणात फेकलं. लोक जमले, हसायला लागले. “डाक्टर, आता तूच धाव लेका, तो तुयाच चिमटा पाहून राह्यला!” माझे कान तापले. मी तडक काकाजींच्या घरी गेलो.

ते ओसरीवर दोर वळत बसले होते. मी सगळं सांगितलं: हुकूम, चित्र, दूध. म्हटलं, “तुमच्या गायीले आता जातिवंत वासरू होईन, काकाजी.”

त्यांनी फक्त एक विचारलं. “मले गोऱ्हा पायजे. माह्या बैलाचे दात गेले. गाय वेली अन् गोऱ्हा झाला, तं सावड राह्यते. होईन ना?”

“होईन,” मी म्हणालो.

“तू म्हन्तं तं बराबरच असंन. तू शिकलेला हाय.”

त्यांनी आतून भाकर आणली आणि माझ्यासोबत आखरावर आले. हात पुढे केला. सांड आला, मान खाली घालून भाकर खाऊ लागला. काकाजींनी त्याच्या गळ्याखाली हात फिरवत फिरवत दोर अडकवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “कर.” मी चिमटा लावला. सांड असा ओरडला, की आखरावरची सगळी ढोरं वर मान करून उभी राहिली. त्याच्या तोंडातला भाकरीचा घास खाली पडला. काकाजींनी तो उचलून पुन्हा त्याच्या तोंडापाशी धरला. सांडानं तोंड फिरवलं.

माझा कोटा पुरा झाला. पुढे मी कायमही झालो.

आता गायींचं सांगतो. विलायती वळूचं रेत बर्फाच्या फ्लास्कमधून आमच्या वाशीमकडच्या मालेगावपर्यंत यायचं, तिथून बसमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली. ते यायचं मंगळवारी आणि शुक्रवारी. गायीचा माज टिकतो एखादा दिवस, आणि तिला वार कळत नाही. काकाजींची गाय पहिल्यांदा माजावर आली ती शनिवारी. दुसऱ्यांदा आली तेव्हा वार बरोबर होता, पण नाल्याला पूर होता आणि बस पलीकडेच थांबली. तिसऱ्यांदा फ्लास्क आला, उघडला, तर बर्फाचं कोमट पाणी झालेलं. मी तरीही टोचलं. काकाजी समोर हात जोडून उभे होते, त्यांना काय सांगणार? गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली.

दोन वर्षं अशीच गेली. गावात वासरांचं हंबरणं कमी झालं. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, मग सगळ्यांच्याच आलं. बाया मला पाहून पदर सावरायच्या आणि तोंड वळवायच्या. “दुसऱ्या गावाचा सांड आनू,” असं बाप म्हणाला, तेव्हा मी खाली पाहिलं. दुसऱ्या गावांत सांड कुठून असणार? सातही गावांचे मीच संपवले होते.

काकाजी मात्र कधी रागावले नाहीत. गाय माजावर दिसली, की ते तिला घेऊन दोन कोस चालत दवाखान्यात यायचे. उन्हात गाय बांधायचे, स्वतः पायरीवर बसायचे आणि विचारायचे, “आली काय बाटली?” त्यांनी एकदा तरी मला शिवी द्यावी, असं मला फार वाटायचं.

शेवटी एकदा सगळं जमलं. गाय गाभण राहिली. दिवस भरले तशी काकाजींनी मला सुट्टी घ्यायला लावली. भर दुपारी गोठ्यात गाय वेली. मीच ओढून वासरू बाहेर काढलं, शेपटी उचलली आणि ओरडलो, “गोऱ्हा हाय!” काकू रडायला लागल्या. माझा बाप, जो काकाजींच्या अंगणापुढे कधी गेला नव्हता, तो धावत गोठ्याच्या दारापर्यंत आला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. वाटलं, सुटलो.

काकाजी वासराजवळ बसले. ओलं अंग पुसता पुसता त्यांचा हात मानेवरून मागे सरकला, थांबला, पुन्हा मानेवर गेला. तपकिरी गोऱ्हा, मोठे डोळे, पाठ दाराच्या उंबरठ्यासारखी सपाट.

“याले वशिंड कुठी हाय?” त्यांनी विचारलं.

“विलायती जातीले नसते, काकाजी. मोठा झाल्यावर थोडं येईनही.”

“मंग जू काह्यले टेकन?”

 ट्रेनिंगमध्ये वळूचा दुधाळ वंश, वासराचं वजन, फॅटचं प्रमाण, सगळं शिकवलं होतं. जू कुठं टेकतं ते कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी तर बैलाच्या पाठीमागे चालत मोठा झालेला. तरी मला ते सुचलं नाही. बाप दारातून म्हणाला, “सरकारले दूध पायजे, आमाले बैल पायजे. तू तं आमचा होता ना रे? तूही इचारलं नाई?”

तो गोऱ्हा वाढला. खायला दोन बैलांचं लागायचं. काकाजींनी त्याला प्रेमानं वाढवला, अगदी हट्टानं. तिसऱ्या वर्षी जुंपून पाहिला. जू मागे टेकायला काही नव्हतं, पहिल्याच तासाला, म्हणजे वखराच्या पहिल्याच ओळीला, ते पाठीवर घसरलं. चिंध्या बांधल्या, गादी केली. मग ऊन चढलं आणि गोऱ्हा जीभ बाहेर काढून तासातच बसला. काकाजींनी त्याला मारलं नाही. जू सोडलं, डोक्यावरचा दुपट्टा भिजवून त्याच्या पाठीवर टाकला आणि स्वतः उन्हात उभे राहिले.

त्याच उन्हाळ्यात त्यांचा म्हातारा बैल मेला.

पेरणी तोंडावर आली होती. मी म्हटलं, मी बैल घेऊन देतो. काकाजी म्हणाले, “सावडीत मानूस आपला बैल आनते. भीक नाई आनत.” बापानं आमच्या बैलाच्या जोडीला स्वतःच वखर ओढायचं म्हटलं, त्यालाही नाही म्हणाले. चार दिवस ते घराबाहेर निघाले नाहीत. काकू आमच्या घराशी आल्या, बाहेरच उभ्या राहिल्या आणि मायला म्हणाल्या, “जेवत नाई, बोलत नाई. वावर पडीत राह्यलं तं हा मानूस जगत नाई, बाई.” मी आत बसलो होतो. बाहेर यायची माझी हिंमत झाली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी बाप मला बोलवायला आला. “चाल. वावरात बलावलं त्यायनं.”

धुऱ्यावर आमचा बैल उभा होता. जू जमिनीवर पडलेलं. काकाजी हातात भाकर धरून उभे होते आणि माळावरून तो सांड येत होता. खच्ची केल्यापासून तो जडावला होता, शांत झाला होता, पण वशिंड तसंच होतं. मांडीवरचा डाग दिसत होता. तो आला, मान खाली घातली, भाकर खाल्ली. काकाजींनी त्याच्या गळ्याखालून हात फिरवला, तसाच, त्या दिवशीसारखा. बापानं जू उचललं. ते वशिंडापुढे असं बसलं, जणू त्याच्याच मापानं केलेलं.

मग काकाजींनी सांडाच्या गळ्यावरचा हात काढून घेतला. “चोरी केली मी,” ते म्हणाले. “पोराले देल्लं अन् पोराजोळून वापस घेतलं.” त्यांनी माझा दंड धरला. त्यांची बोटं रुतली. “मले तोंड नाई त्याच्याशी बोलाले. तुया दोस्त होता तो. तूच सांग त्याले.”

मी आत्मा मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो. मी सांडाच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, चोर तुया बाप नाई, मी हाय.

सांडानं कान झटकला आणि पाऊल उचललं.