मुंबईचा डॉक्टर होऊ की नागपूरचा?

बोर्डिंगातल्या मित्रांनो, आजचा फळा मी अडवतोय.

मॅट्रिकनंतर डॉक्टरकी शिकायला कुठे जाऊ, हे विचारायला सकाळी बाबांबरोबर मेहकरच्या दवाखान्यात गेलो होतो.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "मुंबईलाच जा. मीही तिथलाच."

माझं गणित तुम्ही रोज पाहता. नागपूर मला घेईल, मुंबईचं काही खरं नाही. बाबा मात्र खूश झाले. निघताना म्हणाले, "साहेब, मायचे डोळे दाखवाले पुढच्या बाजारी आणतो."

"तोवर मी नसेन. बदली मागितली होती, ती मिळाली."

बाबा मला बोर्डिंगपर्यंत सोडायला आले. दारात त्यांनी विचारलं, "नागपूरले शिकला तं गावात राह्यशील काय रे?"

माझ्या तोंडून 'हाव, राहीन' निघालं नाही. तुमच्या निघालं असतं? खडू खाली ठेवलाय.