छावणीतला वाढदिवस आणि हरवलेली एक काडी

मागच्या रविवारी लेकीचा वाढदिवस केला... चारा छावणीत. हो, बरोबर वाचलंत. चारी बाजूंनी जनावरं, खाली फुफाटा आणि मध्ये आमचे फुगे.

त्याचं झालं असं, की आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, दीड महिन्यापासून दोन म्हशी घेऊन तेलगावजवळच्या छावणीत मुक्कामाला आहेत. विहीर आटली, कडबा संपला, तेव्हा गावच्या दूध संस्थेने माळावर ही छावणी उघडली. आम्ही माजलगावला राहतो. ईश्वरी सहा वर्षांची होणार, एका दिवसासाठी तरी घरी या म्हणून मी चार वेळा फोन केला. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "जनावरं सोडून कशी येऊ बाई?"

खरं सांगते, मला राग आला. म्हशींकडे बघायला संस्थेची माणसं आहेत की तिथं! नातीपेक्षा म्हशी जास्त झाल्या का, असं मी नवऱ्याला बोलूनही दाखवलं. ईश्वरीला मात्र आजी पाहिजेच होती. मग ठरलं, वाढदिवसच तिकडे न्यायचा.

आता खायला काय करणार? छावणीत चाऱ्याच्या गंजी, त्यामुळे चूल पेटवायची नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. पाणी टँकरचं, ते जनावरांना... भांडी घासायला कोण देणार? मोबाईलवर शोधता शोधता एक झकास आयडिया सापडली. फळांचे तुकडे आणि चीजचे क्यूब एका लाकडी काडीला ओवायचे, झालं! गॅस नको, ताटं नकोत, चमचे नकोत.

पपई, केळी, टरबूज, मोसंबी अशी सोलून खायची फळं घेतली. चीज बर्फाच्या डब्यात आणि काड्यांचं पन्नासचं पाकीट. आत्यांच्या बाजेवर बसून एकेक काडी ओवून परातीत मांडली. इतकं देखणं दिसत होतं की मी आधी फोटोच काढले.

आमच्या म्हशींच्या रांगेतल्या बाया, पोरंसोरं जमली. मी परात पुढे केली... आणि आत्यांनी माझा हात धरला.

"ह्या काड्या कावून आणल्यास गं? एखादी चाऱ्यात पडली अन् जनावरानं गिळली, तर पोटात टोचून मरंल की ते. देऊ नको कुणाला."

सगळ्यांसमोर! इतक्या हौसेनं केलेलं, आणि असं... रडू यायचंच बाकी होतं. पण आत्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी मला काड्या मोजायला लावल्या. एकोणपन्नास भरल्या, आणि पाकीट तर रिकामं होतं.

मग काय, पार्टी राहिली बाजूला. वैरणीची वेळ झालेली, जनावरं हंबरत होती, पण काडी सापडेपर्यंत कुणाच्याच पुढ्यात चारा टाकायचा नाही असं आत्यांनी बजावलं. नवल म्हणजे एकाही बाईनं कुरकुर केली नाही. सगळ्या शेणामातीत उकिडव्या बसून शोधायला लागल्या. मीही ओढणी खोचून बसले.

तेव्हा आत्यांकडे नीट पाहिलं. मूठभर चारा उचलायचा, बोटांनी चाळायचा, बाजूला टाकायचा. आमच्या म्हशींचा झाला, मग शेजारच्या गाईचा, मग पलीकडच्या बैलांचा. हात इतका सराईत, की मी शेजारच्या मुक्ताबाईंना विचारलंच.

"मावशी रोजच करत्यात की," त्या म्हणाल्या. "गठ्ठ्यात तारा येत्यात. पल्याडच्या रांगंत एक गाय गेली तारंनं, तवापासून आमच्या रांगंचा सगळा चारा त्याच बघत्यात. लई जीव हाय त्यांचा."

फोनवर हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं... आणि मीही 'का?' म्हणून विचारलं नव्हतं.

काडी सापडली. कुठे? माझ्याच अंबाड्यात! ओवताना केस तोंडावर येत होते, तेव्हा मीच खोचली असणार. ईश्वरीनं ओरडून दाखवली आणि अख्खी रांग खो खो हसली. आत्या तर तोंडाला पदर लावून हसत होत्या.

पुढची पार्टी मुक्ताबाईंनी सावरली. त्या दरवर्षी ऊसतोडीला जातात. कारखान्यानं न घेतलेला वाळकट ऊस छावणीत चाऱ्याला येतो, त्यातली बरी बरी कांडी त्यांनी निवडली, कोयत्यानं सोलली आणि उभी चिरून काड्या केल्या. फळं, चीज त्यावर चढलं. खाऊन झाल्यावर काडी चघळायची आणि चोथा म्हशीपुढे! चीज मात्र बायांना "साबनावानी" लागलं. संस्थेला दूध घालण्यात हयात गेलेल्या बायांनी माझ्या चीजला नापास करून गुपचूप पोरांच्या हातावर ठेवलं.

आज पुन्हा रविवार. सकाळच्या एसटीनं मी एकटीच गेले आणि आत्यांच्या शेजारी चारा चाळायला बसले. घरी चला, हे आज काही म्हणाले नाही. तासाभरानं बोटाला काहीतरी टोचलं... करंगळीएवढी गंजकी तार. मी ती आत्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि एवढंच म्हणाल्या, "एक वाचलं."

कुणाचं, ते आम्हा दोघींनाही कधी कळणार नाही.

आत्या फेसबुकवर नाहीत, आणि तोंडावर बोलायला मला जमलं नाही, म्हणून इथं लिहितेय... आत्या, मी तुमच्याबद्दल घरी जे बोलले, ते चुकलं माझं.