उतरती कडी

"शेवटचे कडे वर पोचले आणि त्याच क्षणी सरांचा प्राण गेला." आमच्या महाविद्यालयाच्या स्मरणिकेत हे वाक्य छापून आले आहे. ते लिहिणारे गृहस्थ त्या दिवशी फुलंब्रीला सासुरवाडीत जेवत होते. मी, त्यांचा सहकारी, सरांच्या समोर बसलो होतो. तेव्हा आता माझे ऐकावे.

पदार्थविज्ञानाची प्रात्यक्षिके घेणाऱ्या आमच्या या सरांनी भिंत या वस्तूवर जितके प्रेम केले, तितके उभ्या मराठवाड्यात कोणी कोणावर केले नसेल. पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्षे झाली होती. शिक्षण उर्दूतून मराठीत येत होते, आणि सर दोन्ही भाषांत भिंतीविषयीच बोलत. माझ्या घरी आले की नमस्काराच्या आधी भिंतीवरून तळहात फिरवीत. एकदा माझ्या पत्नीला म्हणाले, "वहिनी, ही भिंत आत झुकलीय. इथं उभ्या राहून भांडू नका, आवाज तुमच्याच अंगावर येईल." त्यानंतर ती स्वयंपाकघरात भांडू लागली. वैजापूरच्या एका लग्नात त्यांनी ताकाच्या पिंपात लाटणे उभे धरून गरगर फिरवत ठेवले. पंगत खोळंबली. यजमानांनी कारण विचारले, तेव्हा शांतपणे म्हणाले, "पिंपाला पोट आहे. ताकाला ते कळलंय, तुम्हाला नाही."

याच वेडातून ते यंत्र झाले. काचेची सरळ, रुंद नळी. तिच्या मधोमध उभा लाकडी दंडगोल. दोहोंमधल्या फटीत पाणी, आणि पाण्यात मिठाईवरचा चांदीचा वर्ख कुसकरलेला. सर शिलाई यंत्राच्या पायडलवर पाय मारीत आणि दंडगोल फिरे. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की पाण्यात, बांगड्यांची चळत लावावी तशी, रुपेरी कडी उभी राहत. पुस्तके सांगतात त्याप्रमाणे ती जागच्या जागी राहायला हवी होती. ती राहिली नाहीत. तळाशी एक नवे कडे जन्मे, बाकीची सावकाश वर सरकत, आणि सर्वांत वरचे काठाशी पोचून नाहीसे होई. खिडक्या लावलेल्या त्या खोलीत, भर दुपारी, ते पाहताना माझा श्वास नकळत त्यांच्या लयीत पडे आणि वरचे कडे विरताना क्षणभर अडके. मी भूतखेत मानत नाही. पण त्या खोलीत दाराकडे पाठ करून मी कधी बसलो नाही.

सर मला घेऊन तडक लाकूड कातणाऱ्या खरादीबाबांकडे गेले. "बाबा, दंडगोल सरळ सांगितला होता ना?"

म्हातारा हसला. "मास्तर, चाळीस वरसं पलंगाचे खूर केले. हात आपसूक खाली निमुळतं करतो. पर ढाळ लई बारीक हाय, डोळ्याला दिसत बी नाय."

"पाण्याला दिसला," सर म्हणाले, आणि त्यांनी बाबांचे पाय धरले. जाड तोंड वर, म्हणून कडी वर. बस, इतकेच होते.

छावणीतून कामाला येणारे आमचे पहारेकरी करीमभाई यांना 'इतकेच' पटेना. त्या महिन्यात त्यांच्या गल्लीतून तीन मय्यती उठल्या होत्या. एके दुपारी ते उंबऱ्यावरच थांबले. "साब, एक छल्ला उप्पर जाता, गल्ली में एक जनाजा उठता. मेरी घरवाली के दिन भर गए. इसको बंद करो, नईं तो मैं नौकरी छोड़तौं."

"मियाँ, मौत को दूसरा काम नहीं, जो मेरी काँच में आ के बैठेगी? ये दीवार का ढाल है."

"होंगा साब. बच्चा तो मेरा है."

सरांनी पाणी उपसले, दंडगोल काढला आणि उलटा बसवला: जाड तोंड खाली. पाय मारला. कडी आता काठाशी जन्मून एकेक करून तळाकडे उतरू लागली. करीमभाई हळूच काचेजवळ आले. "अब आ रहे, साब," ते कुजबुजले.

त्याच आठवड्यात त्यांना मुलगी झाली. मायलेकी सुखरूप होत्या. "ऐसाच रहने दो," त्यांनी हात जोडून विनवले. सरांनी शब्द दिला. मला म्हणाले, "शास्त्राचं काय जातंय? दोन्ही दिशा खऱ्याच."

स्मरणिकाकारांच्या मते दंडगोल नंतर पुन्हा पूर्ववत झाला. म्हणजे एका भेदरलेल्या बापाला दिलेला शब्द सरांनी मोडला, असाच याचा अर्थ. हा आरोप मी जिवंत असेतो चालू देणार नाही.

त्या दुपारी मी उत्तरपत्रिका तपासत होतो आणि समोर सर पाय मारीत होते. पायडलची खडखड थांबली. मी वर पाहिले, तर त्यांचे कपाळ काचेला टेकले होते. चाक आपल्या वेगाने अजून फिरत होते, आणि पाण्यातली कडी, कोणी हाकत नसताना, चालतच होती. मी हाक मारली. पुन्हा मारली. कडी विरून पाणी नुसते चमकत राहिले, तेव्हा मी उठलो.

सर नेहमी कडी जिथे संपतात तिथेच नजर लावून बसत. हे त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. त्यांचे डोळे मी माझ्या हाताने मिटले. ते तळाकडे पाहत होते.