रिकामा ग्राइंडर

परवा नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये शिरलो आणि कान टवकारले... ग्राइंडर फिरत होता, पण त्याला जॉब, म्हणजे घासायचा लोखंडी तुकडा, लागलेला नव्हता. शेजारी आमचा ओडिशाचा वेल्डर बिपिन घरी फोनवर बोलत होता. ऑर्डरी थंडावल्यात हल्ली. मला एकदम शारजा आठवलं.

२००९ साल. मी तिथं वेल्डर होतो. मंदीनं एकेक साइट बंद पडत होती, आम्ही शेडमध्ये बहुतेक वेळ नुसते बसून. पण कुणी घरी फोन लावला, की दुसरा मागे ग्राइंडर चालू करायचा. घरच्यांना वाटावं, काम जोरात आहे! नाशिकला ‘फॉरेनवाला’ म्हणून मिरवलेलं... आता रिकाम्या हातानं परत जायचं कुठल्या तोंडानं?

आमचे फोरमन मोइदूभाई, केरळचे. एक दिवस त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. काम दोनच महिन्यांचं उरलंय, पुढचं मलाही माहीत नाही, कुणाला कुठं लावता येईल ते बघतोय... सरळ सांगून टाकलं. वर म्हणाले, "मैंने कल बीवी को बता दिया. अब तुम लोग."

मी नाशिकला, इंदिरानगरच्या घरी बायकोला फोन लावला आणि सवयीनं शेडमधल्या सोबत्याला खूण केली. ग्राइंडर सुरू. मोइदूभाईंनी येऊन स्विच बंद केला. "अब बोल, नाशिकवाले."

मग सांगून टाकलं, "अगं, इथं काम नाही राहिलं."

"कळलंय मला कधीच," सुनीता म्हणाली. "पूर्वी मशीन मधेच करकरायचं. हल्ली गिरणी रिकामी फिरल्यासारखं वाटतं. या तुम्ही. पिंपळगावला द्राक्षांची कोल्ड स्टोरेजं उभी राहतायत, वेल्डर लागतातच की!"

आणि मी स्वतःला तिखट कानाचा समजत होतो!

पिंपळगावच्याच त्या कामांवर पुढं हे वर्कशॉप उभं राहिलं...

तर परवा मी बिपिनजवळचा स्विच बंद केला. घाबरला बिचारा. "सेठ, वो..." म्हटलं, "कुणाला काढत नाहीये. पण काम कमी आहे, घर पे सच बोल दे."

बोललो खरा, पण मी तरी कुठं घरी सांगितलं होतं? मग त्याच्यासमोरच सुनीताला फोन लावला.

सगळं ऐकून ती म्हणाली, "चला, या वेळी मशीन न लावता सांगितलंत!"

मोइदूभाई, जिथं असाल तिथं खुशाल असा. आधी स्वतः बोलायचं, मग दुसऱ्याला सांगायचं... हे तुमच्याकडूनच शिकलो.