भाकड गाय

शेजाऱ्यांनी फॉलच्या, म्हणजे पानगळीच्या, सजावटीला दारात सुक्या गवताचा गठ्ठा ठेवला, आणि त्या वासासरशी मी नेब्रास्कातल्या वॉल्टच्या रँचवर जाऊन पोचलो.

तेव्हा मी जनावरांचा नवखा डॉक्टर होतो. थंडीआधी गाई गाभण आहेत का ते तपासायचं आणि भाकड निघालेल्या कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढवायच्या, ही तिथली हिवाळ्याची तयारी. बर्फात भाकड गाईला चारा कोण घालणार?

एका म्हाताऱ्या तांबड्या गाईपाशी मी नकारार्थी मान हलवली.

"पुन्हा बघ, डॉक."

मी पुन्हा हात घातला. गर्भ नव्हताच.

"हिला माझ्या बायकोने बाटलीने दूध पाजून वाढवलंय," वॉल्ट वाऱ्याकडे तोंड करून म्हणाला. बायको जाऊन त्याला वर्ष झालं होतं. त्याने ट्रकचं दार लावून टाकलं, गाय बाहेरच ठेवून. म्हातारा वेडाच आहे, असं मला वाटलं.

गेल्या रविवारी माझा मुलगा घरी आला होता. ही गेल्यापासून वाळत गेलेली हिची तुळस बघून म्हणाला, "बाबा, इट्स डेड. टाकून द्या ना."

आज रात्री फ्रॉस्ट पडणार आहे. दर थंडीत ही जशी आणायची, तशी मी कुंडी उचलून आत आणली आणि उन्हाच्या खिडकीत ठेवून काड्यांना पाणी घातलं.